मराठी दस्तऐवज आणि कानाने वाचणारा वाचक

संगणकाच्या पडद्यावर दिसणारा मजकूर आणि त्या मजकुराच्या पोटात साठवलेली सांकेतिक रचना या दोन वस्तू भिन्न आहेत, ही गोष्ट डोळसांच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण त्यांचा सारा व्यवहार पहिलीशीच संपतो. परंतु जो वाचक दृष्टीऐवजी श्रवणाच्या आधारे वाचतो, त्याच्या वाट्याला केवळ दुसरीच येते, आणि ती सदोष असेल तर पहिली कितीही सुबक व शोभिवंत असली तरी तिचा त्याला काडीइतकाही उपयोग होत नाही. शासकीय परिपत्रक, महाविद्यालयाची सूचना, गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, नोकरीची जाहिरात, न्यायालयातील अर्ज, असे जे जे कागद आज वर्डसारख्या आज्ञावलीत तयार होतात, त्यांपैकी किती मराठी कागद अंध वाचकाला परस्वाधीन न होता वाचता येतात आणि जे येत नाहीत ते कोणत्या कारणाने येत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न तंत्राचा भासतो. माझ्या मते तो मुख्यतः टंकलेखनाच्या सवयींचा आणि कचेऱ्यांतील शिरस्त्याचा आहे.

पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या स्क्रीन रीडर या साधनाचा इतिहास फार जुना नाही. गणिती जिम थॅचर यांनी १९८० च्या दशकात आयबीएममध्ये अंध सहकाऱ्याच्या गरजेतून असे एक साधन सिद्ध केले. मोटारसायकलच्या शर्यती गाजवणारे आणि १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉस प्रणालीसाठी ‘जॉज’ ही आज्ञावली आणली, व पुढे विंडोजवर ती जगभरच्या अंध नोकरदारांच्या हाताखाली रुळली. तिची किंमत मात्र आपल्याकडील विद्यार्थ्याला परवडण्याजोगी कधीच नव्हती. ही कोंडी फोडली ती ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने. त्याने २००६ मध्ये सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही मुक्तस्रोत आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्याबरोबर येणाऱ्या ‘ईस्पीक’ या वाणीत मराठीचाही समावेश आहे. ही वाणी यांत्रिक आहे, तिच्यात आर्जव नाही की आरोह-अवरोहाचा डौल नाही. पण सरावलेला कान तीच वाणी साध्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट गतीने ऐकतो व शेजारी बसलेल्या डोळस माणसाला त्यातले अक्षरही उमगत नाही. भ्रमणध्वनीवर ‘टॉकबॅक’ आणि ‘व्हॉइसओव्हर’ आहेतच. २०११ च्या जनगणनेत दृष्टिविषयक अपंगत्वाची नोंद झालेल्या भारतीयांची संख्या ५० लाखांहून अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे वाचकवर्ग नगण्य आहे असा युक्तिवाद कोणी करू धजणार नाही. साधन आहे, वाचकही आहे. अडते ते कागदापाशी.

पहिला अडथळा अक्षरांच्या संकेताचा, आणि तो खास आपल्या लिपीचा. इंग्रजी दस्तऐवजांच्या सुगमतेवर जी विपुल मार्गदर्शनपर पुस्तके निघाली आहेत, त्यांत या अडथळ्याचा उल्लेखही आढळत नाही, कारण रोमन लिपीला तो कधी भेडसावलाच नाही. युनिकोड या सामायिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली, परंतु तिचा प्रत्यक्ष प्रसार होईपर्यंत देवनागरी छपाईची निकड भागवण्यासाठी ज्या टंकसंचांची निर्मिती झाली, त्यांनी रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकृती चिकटवल्या. कृतिदेव हे त्यातले सर्वपरिचित नाव. श्रीलिपीच्या आणि आयएसएमच्या जुन्या संचांचीही कथा थोड्याफार फरकाने हीच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर निर्दोष दिसतो, पण फायलीच्या पोटात त्या जागी रोमन ई, जे, के, बी आणि एच ही पाच अक्षरे असतात. म साठी ई, र साठी जे, कान्यासाठी के, ठ साठी बी, दुसऱ्या वेलांटीसाठी एच. स्क्रीन रीडर टंकसंच पाहत नाही, संकेत पाहतो. तेव्हा अंध वाचकाला ऐकू येते ते या पाच अक्षरांचे अगम्य कडबोळे, आणि पृष्ठामागून पृष्ठे तेच. असा दस्तऐवज ब्रेलमध्ये उतरवला तरी तोच गोंधळ उमटतो. त्यात शब्द शोधता येत नाही, त्याचे भाषांतर करता येत नाही, आणि ज्या संगणकावर तो संच नाही तेथे डोळसालाही तो वाचता येत नाही.

हे सारे ठाऊक असूनही जुने संच टिकले, याला केवळ आळस हे कारण देणे अन्यायाचे होईल. रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर शासकीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कारकुनांच्या बोटांत ती कळमांडणी भिनलेली होती आणि कृतिदेवने ती जवळजवळ जशीच्या तशी ठेवली. उलट युनिकोडबरोबर इनस्क्रिप्टची अनोळखी मांडणी वाट्याला आली, आणि पंचवीस वर्षांची सवय मोडून चाचपडत टंकणे कोणत्याही माणसाला नकोसेच वाटणार. आता मात्र ही सबब उरलेली नाही, कारण रेमिंग्टनच्याच मांडणीने युनिकोड टंकण्याची साधने विनामूल्य मिळतात. बोटे तीच, कळा त्याच, फक्त फायलीत जाणारा संकेत खरा. जुन्या फायलींसाठी परिवर्तक आहेत, पण त्यांच्या भरवशावर डोळे मिटून राहता येत नाही: मजकुरात मधूनच आलेले खरे इंग्रजी शब्दही देवनागरीत ‘परिवर्तित’ होऊन बसतात, रफार आणि पहिली वेलांटी आपल्या जागा सोडतात, आणि कोष्टकांत तर हमखास घोळ होतो. परिवर्तनानंतर मूळ कागद समोर ठेवून एकदा वाचून काढण्यास पर्याय नाही.

युनिकोड आले म्हणून सर्व कुशल झाले, असेही नाही. ‘ॲ’ हा वर्ण स्वतंत्र संकेत म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये दाखल झाला; तत्पूर्वीच्या सवयीने कित्येक जण आजही ‘अ’ला वर अर्धचंद्र जोडून तो साधतात, दोन्ही रूपे पडद्यावर अगदी जुळी दिसतात, पण शोध घेताना एक सापडते तर दुसरे निसटते आणि काही वाणींत त्यांचा उच्चारही निराळा होतो. ‘दुसऱ्या’तील अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो, त्याचीही तीच गत. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची खोड तर इतकी रूढ आहे की ‘अतः’ आणि ‘पुनः’ यांचे खरे रूप शासकीय पत्रांत क्वचितच दिसते. ऐकणाऱ्यास शब्द तुटल्यासारखा वाटतो व वाक्याचा अन्वय क्षणभर हरवतो. आणि शीर्षक भारदस्त दिसावे म्हणून ‘नि वे द न’ असे एकेक अक्षर अंतराने मांडण्याची जी हौस आहे, तिचा परिणाम असा की स्क्रीन रीडर त्याचे चार शब्द मानून चार तुकडे उच्चारतो. अक्षरांतले अंतर वाढवण्याची सोय वर्डच्या फाँटच्या चौकटीत स्वतंत्रपणे आहे व ती वापरल्यास शब्द अभंग राहतो. पण ती चौकट उघडण्यापेक्षा स्पेसची कळ जवळ असते. मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद फायलीत करणे हेही असेच हाताशी असलेले, पण न होणारे काम: इंग्रजी म्हणून नोंदलेला देवनागरी मजकूर इंग्रजी वाणीच्या स्वाधीन होण्याचा संभव राहतो, आणि मग ती वाणी आपापल्या मगदुराप्रमाणे अक्षरे गाळते किंवा त्यांचे भलतेच काही उच्चारते.

संकेताचा प्रश्न सुटला की रचनेचा प्रश्न पुढे येतो, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयाचा गाभा तोच आहे. डोळस वाचक चाळीस पानी अहवाल हाती घेतो तेव्हा तो पहिल्या शब्दापासून वाचत नाही. तो पाने चाळतो, ठळक अक्षरांतल्या शीर्षकांवरून नजर फिरवतो, आपल्याला हवा तो भाग हेरतो आणि तेथे थांबतो. अंध वाचकालाही हीच मुभा असते, पण एका अटीवर: शीर्षक हे शीर्षक म्हणून फायलीत नोंदलेले असले पाहिजे. तसे ते असेल तर एनव्हीडीएच्या ब्राउझ पद्धतीत ‘एच’ ही एक कळ दाबताच तो पुढच्या शीर्षकावर जातो, ‘टी’ने कोष्टकावर जातो, आणि सर्व शीर्षकांची यादी एकत्र मागवून तीतून निवडही करू शकतो. आपल्याकडे शीर्षक कसे तयार होते? मजकूर निवडायचा, ठळक करायचा, खाली रेघ ओढायची, आकार सोळा करायचा आणि मध्यभागी आणायचा. पाच क्रिया करून जे साधते ते केवळ शीर्षकाचे सोंग. फायलीच्या लेखी तो परिच्छेद इतर परिच्छेदांसारखाच. याउलट कंट्रोल, ऑल्ट आणि एकचा आकडा या कळा एकत्र दाबल्या की ‘हेडिंग १’ ही शैली लागते, दोनच्या आकड्याने उपशीर्षक होते, आणि तिचे रूप आवडले नाही तर एकदाच बदलून ठेवले की साऱ्या दस्तऐवजात ते आपोआप बदलते. अनुक्रमणिकाही त्यातूनच निघते. पाच क्रियांऐवजी एक करा, असे सांगणाऱ्या सुधारणेला विरोध व्हावा याचे मला नवल वाटत आले आहे.

येथे आपल्या जुन्या दफ्तराची आठवण करणे अप्रस्तुत ठरू नये. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांत मायना कोठे, मजकूर कोठून, कलमे कशी मांडावीत याचे संकेत ठरलेले होते, आणि पत्र संपले तेथे मर्यादेची मुद्रा उमटवली जाई, जेणेकरून तिच्याखाली कोणी काही घुसडू नये. मोडी अक्षर वळणदार असो वा गिचमिडे, कागदाची बांधणी जाणत्या वाचकाला हात धरून नेत असे. बांधणी ही शोभेसाठी नसून अर्थासाठी असते, ही जाणीव ज्या लेखनपरंपरेत होती, तिच्या वारसांनी संगणकावर बांधणीचे सारे काम स्पेस आणि एंटर या दोन कळांवर सोपवावे, हे खेदजनक आहे. नवे पान सुरू करण्यासाठी एंटर अठरा वेळा दाबलेला असला म्हणजे ओळीओळीने उतरणाऱ्या अंध वाचकाला अठरा वेळा ‘रिक्त’ अशी सूचना ऐकावी लागते आणि दस्तऐवज संपला की काय, असा त्याचा समज होतो. पेज ब्रेकची सोय असताना हे घडते. अर्जाच्या नमुन्यात ‘अर्जदाराचे नाव’ या शब्दांपुढे ठिपक्यांची जी लांबलचक रांग असते, ती कानाला नुसता उपद्रव, आणि तीत कोठे टंकावे याचा थांगही लागत नाही.

काही मजकूर असा असतो की तो दिसतो पण वाचला जात नाही. जावक क्रमांक व दिनांक शीर्षपट्टीत म्हणजे हेडरमध्ये घातला तर तो सलग वाचनात आपोआप उच्चारला जात नाही. वाचकाला तो मुद्दाम शोधावा लागतो, आणि तो तेथे आहे हे ठाऊक नसल्यास तो शोधणार तरी कसा? महत्त्वाची सूचना तरंगत्या चौकटीत, टेक्स्ट बॉक्समध्ये, टाकली की ती मजकुराच्या ओघाबाहेर पडते व भलत्याच ठिकाणी वाचली जाते किंवा वाचलीच जात नाही. सुधारित नियमांच्या मसुद्यात वगळलेला मजकूर रेघ मारून खोडलेला आणि नवा मजकूर लाल अक्षरांत दाखवण्याचा प्रघात आहे. पण अक्षरांचा रंग आणि त्यांवरची रेघ ही माहिती स्क्रीन रीडर आपण होऊन सांगत नाही, सबब अंध वकिलाला रद्द झालेला नियम आणि नवा नियम सलग, एकाच सुरात ऐकू येतो व दोन्ही अमलात आहेत असे वाटते. ‘वगळलेला मजकूर’ आणि ‘नवा मजकूर’ हे चार शब्द लिहिण्याची तसदी घेतली तर हा अनर्थ टळतो.

कोष्टकांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मराठी प्रशासनाचा अर्धा प्राण कोष्टकांत असतो. एखाद्या भरतीच्या जाहिरातीतील आरक्षणाचा तक्ता डोळ्यांपुढे आणावा. आडव्या ओळीत पदनाम, एकूण पदे, मग अ.जा., अ.ज., वि.जा.(अ), भ.ज.(ब), भ.ज.(क), भ.ज.(ड), वि.मा.प्र., इ.मा.व., आ.दु.घ. आणि अराखीव, उभ्या ओळीत सर्वसाधारण, महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अंशकालीन. तक्त्याच्या वर मध्यभागी, दहा-बारा खणांचा एक खण करून, ‘सामाजिक आरक्षण’ असे लिहिलेले. डावीकडे तसाच उभा जोडखण करून त्यात ‘समांतर आरक्षण’ हे शब्द खालून वर फिरवलेले. डोळस उमेदवार बोट ठेवून दोन रेषांच्या छेदाशी आपला आकडा पाहतो. अंध उमेदवार कंट्रोल व ऑल्टसह बाणाच्या कळा दाबीत एकेक खण ओलांडतो आणि त्याला ऐकू येते ते असे: दोन, शून्य, एक, शून्य, शून्य, चार. हा ‘चार’ कोणत्या प्रवर्गाचा? तो स्तंभ मोजत परत वर जातो, पण वर जोडखण असल्याने मोजणी फसते. तिसऱ्या स्तंभातून वर चढलेला वाचक पहिल्याच रुंद खणात जाऊन पडतो आणि खाली उतरताना भलत्याच स्तंभात येतो. खण न जोडता प्रत्येक स्तंभाला स्वतःचे पूर्ण शीर्षक दिले, आणि पहिली ओळ ही शीर्षओळ असल्याची नोंद केली, म्हणजे वर्डमध्ये ‘रिपीट ॲज हेडर रो’ ही खूण केली, तर स्तंभाचे नाव आकड्याबरोबर उच्चारले जाण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि ‘इ.मा.व., महिला, चार’ असा अर्थपूर्ण बोध होतो. एकाच अवाढव्य तक्त्याऐवजी प्रत्येक पदासाठी लहान तक्ता केला तर आणखी उत्तम. तो डोळसांनाही बरा वाचता येईल. आणि जेथे केवळ दोन स्तंभांत पत्ता व दिनांक समोरासमोर मांडायचे आहेत, तेथे कोष्टक वापरूच नये.

चित्रांसाठी पर्यायी मजकूर द्यावा, हे सूत्र आता बहुतेकांच्या कानावर गेले आहे, मात्र त्याचे पालन कसे होते ते पाहण्यासारखे आहे. पावसाच्या आलेखाला ‘आलेख’ एवढाच पर्यायी मजकूर देणे म्हणजे बंद पाकिटावर ‘पत्र’ असे लिहून पाठवण्यासारखे झाले. जूनपेक्षा जुलैत किती अधिक पडला आणि कोणता तालुका कोरडा राहिला हे तेथे सांगायला हवे, व आकडे पुष्कळ असतील तर खाली तक्ताच द्यायला हवा. शोभेची नक्षी ‘डेकोरेटिव्ह’ म्हणून नोंदवून मोकळे व्हावे. दुव्यांच्या बाबतीत ‘येथे क्लिक करा’ हे शब्द निरर्थक ठरतात, कारण अंध वाचक दुव्यांची यादी वेगळी काढून ऐकतो आणि त्या यादीत त्याला दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ एवढेच ऐकू येते. गणिताची समीकरणे चित्र म्हणून न चिकटवता वर्डच्या समीकरण-साधनाने लिहावीत. अल्पदृष्टी वाचकांसाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या तेजाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, पिवळ्यावर पांढरे लिहिणाऱ्यांनी तो एकदा तपासावा.

येथवरचे सारे काम निगुतीने केलेला दस्तऐवज अखेरच्या पायरीवर कसा मातीमोल होतो, ते सांगितल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. संगणकावर टंकलेला कागद छापायचा, त्यावर साहेबांची सही व गोल शिक्का घ्यायचा, आणि मग तो स्कॅन करून पीडीएफ म्हणून सर्वत्र रवाना करायचा, हा आपल्या बहुसंख्य कार्यालयांचा आणि शिक्षणसंस्थांचा शिरस्ता आहे. स्कॅन केलेला कागद म्हणजे एक चित्र. त्यात अक्षर एकही नसते, आणि स्क्रीन रीडर तेथे मौन धरतो. मग अंध वाचकाने अक्षर-ओळख करणारी आज्ञावली चालवून त्या चित्रातून पुन्हा अक्षरे काढावीत, अशी अपेक्षा. ही तंत्रे पूर्वीपेक्षा खूपच सुधारली आहेत. तरीही झिजलेल्या शिक्क्याखालच्या वा तिरप्या स्कॅनमधल्या मजकुरात घ चा ध, भ चा म आणि थ चा य होतोच, नि ‘घर’ मागणाऱ्या अर्जाचे काहीतरी भलतेच होऊन बसते. आकड्यांत चूक झाली तर ती संदर्भावरूनही उमगत नाही. जो मजकूर मुळात शुद्ध अक्षरांत होता, त्याचे चित्र करायचे आणि मग त्या चित्रातून अशुद्ध अक्षरे परत मिळवायची, या उलट्या व्यवहारात कोणाचे हित आहे, ते मला कधीच कळलेले नाही.

सरळ वर्डमधून काढलेला पीडीएफ चित्रापेक्षा पुष्कळच बरा. आणि काढताना छपाईच्या मार्गाने न जाता ‘सेव्ह ॲज’च्या मार्गाने गेल्यास व रचनाखुणांचा पर्याय चालू ठेवल्यास शीर्षके व कोष्टके त्यात टिकतात. पण देवनागरीच्या बाबतीत येथेही एक मेख आहे. पीडीएफ हा मुळात आकृत्यांचा साठा असतो. वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांच्या आकृती ज्या क्रमाने मांडल्या जातात तो क्रम उच्चाराचा क्रम नसतो, आणि आकृतीवरून मूळ अक्षराकडे परतण्याची नोंद अपुरी असली तर पहिली वेलांटी भलत्या व्यंजनाला चिकटते, जोडाक्षरे फुटतात. निर्दोष युनिकोडमध्ये टंकलेल्या मराठी पीडीएफमधील एक परिच्छेद निवडून कोऱ्या पानावर चिकटवून पाहावा. पुष्कळदा जो मोडकातोडका मजकूर उमटतो, तोच अंध वाचकाला ऐकू येत असतो. म्हणूनच इंग्रजीसाठी पुरेसा ठरणारा ‘खुणांकित पीडीएफ द्या’ हा सल्ला मराठीसाठी अपुरा आहे. मराठीपुरते बोलायचे तर ज्यातून पीडीएफ निघाला ती मूळ वर्ड फाइल हाच सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज होय. शिवाय नीट बांधलेल्या वर्ड फायलीतून ईपब या स्वरूपातील ई-पुस्तक करता येते, सुगम पुस्तकांसाठी झटणाऱ्या डेझी संघटनेने त्यासाठी विनामूल्य साधनही दिले आहे, आणि ब्रेलची प्रतही तीतूनच निघते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. त्याखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने संकेतस्थळांवरील दस्तऐवज ईपब किंवा अक्षर-ओळखीवर आधारित पीडीएफ या स्वरूपात असावेत, असे म्हटले. अर्थात मूळ अक्षरे उपलब्ध असताना चित्रातून अक्षरे काढण्याच्या त्या विपरीत व्यवहारालाच नियमाने मान्यता दिली, आणि हा माझ्या मते त्यातील मोठा दोष होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. सक्तीच्या मानकांऐवजी निव्वळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वे देऊन भागणार नाही, असे बजावले आणि बंधनकारक मानके ठरवण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. भारतीय मानक ब्युरोचे सुगमतेविषयीचे आयएस १७८०२ हे मानक त्यापूर्वीच अस्तित्वात आले होते. पुस्तकांच्या क्षेत्रात २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अपंग वाचकांसाठी सुगम प्रती करण्याची मुभा आली, आणि अशाच प्रतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय मारॅकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. पण मुभा मिळाल्याने पुस्तक वाचता येत नाही: मराठी प्रकाशकांकडे असलेल्या जुन्या फायली बहुतांशी जुन्या टंकसंचांतल्या, त्यामुळे स्वयंसेवकांना छापील पुस्तक पुन्हा टंकावे किंवा स्कॅन करून दुरुस्त करावे लागते, आणि एका कादंबरीस महिने लागतात.

वर्डमध्ये २०१० पासून सुगमता-तपासनीस आहे आणि लिब्रेऑफिसमध्येही तशी सोय झाली आहे. दस्तऐवज बाहेर धाडण्यापूर्वी तो एकदा चालवावा, यात वाद नाही. परंतु त्याच्या दाखल्यावर विसंबणे धोक्याचे. पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच तो पाहतो, तो अर्थपूर्ण आहे की नाही हे पाहत नाही; आणि आपल्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी उणीव ही की आरंभापासून अखेरपर्यंत कृतिदेवमध्ये टंकलेला दस्तऐवज त्याच्या लेखी निर्दोष असतो, कारण त्याला त्यात रोमन अक्षरेच दिसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने चित्रांचे वर्णन करतात, स्कॅन केलेले कागद वाचून दाखवतात, आणि एकाकी प्रसंगी ती अंध माणसाच्या मोठ्या उपयोगी पडतात, हे मी नाकारीत नाही. मात्र न वाचता आलेला आकडा ती कधी कधी ठामपणे कल्पून सांगतात; वेतननिश्चितीचा हुकूम किंवा परीक्षेचे वेळापत्रक अशा मध्यस्थावर सोपवणे कोणा डोळस अधिकाऱ्याने स्वतःच्या बाबतीत मान्य केले नसते. आणि मूळ फाइल ज्याच्या संगणकावर आहे त्याने ती द्यायची नाही व वाचणाऱ्याने मात्र यंत्राकडून ती अंदाजाने घडवून घ्यायची, यात न्यायही नाही.

मूळ फाइल देण्यास सांगितले की कार्यालयांतून एक आक्षेप हटकून येतो: तीत कोणी फेरफार केला तर? त्याचे उत्तर अवघड नाही. अधिकृत प्रत म्हणून सहीचा पीडीएफ राहू द्यावा, त्यावर डिजिटल स्वाक्षरी असावी, आणि शेजारी वाचनासाठी मूळ फाइल ठेवून तीवर तसे स्पष्ट नमूद करावे. वाद उत्पन्न झाल्यास अधिकृत प्रत प्रमाण. शिवाय स्कॅन केलेल्या चित्रात फेरफार करता येत नाही, ही समजूतच भाबडी आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. शैलींसह तयार केलेला एक नमुना कार्यालयाने एकदा बनवून सर्व संगणकांवर ठेवला की प्रत्येक पत्राला लागणारा जादा वेळ शून्याच्या जवळ येतो. आणि टंकलेखनाच्या परीक्षांत गती व अचूकतेबरोबर शीर्षकशैली आणि कोष्टकाची शीर्षओळ यांचीही परीक्षा घेतली, तर पुढच्या पिढीचा कारकून ते शिकूनच खुर्चीवर बसेल. ही सूचना संबंधित परीक्षा मंडळांनी विचारात घ्यावी.

तोवर, जो कोणी हा लेख वाचत असेल आणि ज्याच्या सहीने वा ज्याच्या संगणकावरून मराठी कागद बाहेर पडत असतील, त्याला माझी विनंती एवढीच: पुढचे परिपत्रक काढताना सहीच्या स्कॅनबरोबर ज्या फायलीतून ते छापले ती युनिकोडमधली वर्ड फाइलही जोडून पाठवावी.